न मोडलेल्या हाताचं प्लास्टर

विमल,

तू मला बोलू दिलं नाहीस, म्हणून हे लिहायची वेळ आली. दवाखान्यात त्या शेवटच्या गुरुवारी मी स्टूल ओढून तुझ्या उशाशी बसले, घसा खाकरला, आणि तू एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलंस. म्हणालीस, "शाले, काय सांगायला आलीयास ते सांगू नको. तुझं तोंडच सांगतंय, तू रडणार. मग मला तुझी समजूत काढावी लागणार. एवढं बळ आता माझ्यात न्हाई." वर नर्सबाईंना सांगून माझ्यासाठी चहा मागवलास. अंथरुणाला खिळलेली बाई भेटायला आलेल्या धडधाकट बाईला चहा पाजते, आणि ती मुकाट पिते. मी तो सगळा प्याले, कपबशी विसळून ठेवली आणि घरी आले. खरं सांगते, मला हायसं वाटलं होतं. इतकी वर्षं टाळलं, ते आणखी एक दिवस टळलं. पुढचा दिवस तू दिलाच नाहीस.

काय सांगायचं होतं ते तुला ठाऊक होतं. परीक्षा केंद्राच्या त्या ऑफिसात मला एक प्रश्न विचारला गेला आणि मी "नाही" म्हणाले. ते खोटं होतं. तुला माहीत होतं, मला माहीत आहे. पण ज्या पोरीचं त्या एका शब्दानं नुकसान झालं, तिला अजून माहीत नाही. आणि ती पोर परवा तुझ्या खोलीवर आली होती.

थांब, सांगते. मला माझ्या पद्धतीनं सांगू दे. तू असतीस तर एव्हाना "मुद्द्यावर ये की" म्हणून दोनदा ओरडली असतीस. आता ओरडायला तू नाहीस, तेव्हा मी पाल्हाळ लावणार.

शिक्षिका व्हायला बी.टी.ला गेलो, तेव्हा होस्टेलात आपल्याला एक खोली मिळाली. तू पेठ वडगावहून पत्र्याची ट्रंक आणि कांदा-लसूण चटणीची बरणी घेऊन आलीस. मी कोल्हापुरातल्या कारकुनाची मुलगी, खालच्या आवाजात बोलायला शिकलेली. पहिले आठ दिवस मला वाटायचं, ही बया सारखी भांडते. मग कळलं, तू मायेनंही तसंच बोलतेस. पुढे एकाच शाळेत लागलो. तू गणित, मी मराठी. वर्गात तू पुस्तकातलं बोलायचीस, स्टाफरूममध्ये पाय टाकला की वडगाव सुरू, बायामाणसांचं 'आलो-गेलो' धरून. काही वर्षांनी मला मुख्याध्यापिका केलं, तेव्हा सगळ्यांसमोर मला "मोठ्या बाई" म्हणालीस आणि एकटीला गाठून म्हणालीस, "तुला का केलं म्हाईत हाय का? तुझं अक्षर चांगलं आणि तोंड बंद." मी हसण्यावारी नेलं. तू नेमकं बोलली होतीस.

रेहाना आठवीत आली तेव्हा मी अजून मराठीच शिकवत होते. गाद्या भरणाऱ्या बापाची पोर. वेणीत कापसाचे तंतू घेऊनच शाळेत यायची. तिची वही हातात घेतली की माझं डोकं फिरायचं. घ आणि ध तिला एकच, म आणि भ एकच. वेलांटी कुठल्याही बाजूला, ओळ अर्ध्यात सोडून दुसरीच ओळ सुरू. मला वाटलं, पोर आळशी आहे, मुद्दाम करते. एकदा तिचा वडिलांवरचा निबंध मी वर्गात वाचून दाखवला, तिनं लिहिला होता तस्सा, एकही चूक न सुधारता. पोरी हसून हसून आडव्या पडल्या. मीही हसले. ती खाली मान घालून उभी होती. मला वाटलं, लाजली असेल. नंतर तिनं तुला सांगितलं की ती फरश्या मोजत होती, कपाटाखालच्या न दिसणाऱ्यासुद्धा धरून. तू मला तो आकडा सांगितलास आणि म्हणालीस, "जा, कपाट हलवून मोज." मी मोजल्या नाहीत. बरोबरच असणार होत्या.

तिच्याबद्दल तू पहिल्यांदा बोललीस तो दिवस पक्का आठवतो, कारण तू डबा न उघडता बोलत होतीस, आणि तुझ्या बाबतीत हे नवल होतं. तू फळ्यावर एक सिद्धता लिहीत होतीस. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ती रेघ उगंच काढलीसा. हितनं समांतर काढली की दोन पायऱ्यांत हुतंय." तू चिडून मागं वळलीस. मग फळ्याकडं बघितलंस. मग खडू तिच्या हातात दिलास.

"शाले, पोरीनं रेघ मारली आणि मी बघतच बसलो," तू म्हणालीस. "आपल्याला बी.टी.ला शिकवणाऱ्यांनाबी हे सुचलं नसतं."

"कोण, रेहाना? अगं, तिला स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही."

"मग नाव लिहायला दुसरं कुणीतरी बसवू. ही रेघ दुसरं कुणी काढणार न्हाई."

त्या दिवसापासून तू तिला धरलंस. मधल्या सुट्टीत तिच्याजवळ बसून इतिहास, भूगोल, मराठी, सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचीस. एकदा कानावर पडलेलं ती विसरायची नाही. पोस्टकार्डाला मधोमध लांब खाच पाडलीस. ते ओळीवर ठेवलं की वरची-खालची ओळ दिसायची नाही आणि ती भरकटायची नाही. पुठ्ठ्यावर खळीनं मोहरी चिकटवून अक्षरं केलीस आणि डोळे मिटून तिला त्यांवरून बोट फिरवायला लावायचीस. स्टाफरूममध्ये तुझी थट्टा चालायची, विमलबाईंनी फोडणीची शाळा काढली म्हणून. हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. रोज काहीतरी करून बघायचीस, जमलं नाही की टाकून द्यायचीस आणि दुसरं काढायचीस. तीन वर्षांनी ती एक पान अर्ध्या तासात वाचायला लागली. लिहिणं मात्र काही केल्या सुधारेना. तोंडी विचारलं तर अख्ख्या अकरावीत तिच्यासारखी कुणी नव्हती. कागद पुढं ठेवला की नापास.

एस.एस.सी.चे, म्हणजे तेव्हाच्या अकरावीचे, फॉर्म भरायची वेळ आली आणि तू माझ्या टेबलावर दोन पानी अर्ज ठेवलास. मुलगी बुद्धिमान आहे, तिला अक्षर लागत नाही, आळस नाही, खोड नाही, उत्तरं सांगायला लेखनिक मिळावा. सगळं खरं. एक शब्द वाढवून लिहिलेला नव्हता. मी नियम बघितले. लेखनिक मिळायचा तो अंधाला किंवा हाताला इजा झालेल्याला. तिसरा रकाना नव्हता.

"विमल, ह्याला उत्तर काय येईल? मुलगी मंद आहे म्हणतील. आणि आम्हालाच विचारतील, मग इतकी वर्षं वरच्या वर्गात ढकललीत कशी?"

"विचारू देत. सांगू की. तू सही कर, मी पुण्याला बोर्डात जाऊन बोलतो."

मी अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला. त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं, तीन मुलींचे फॉर्म चुकून परत आले होते, बाहेर पालक थांबले होते, आणि तू जागची हलत नव्हतीस. तेव्हा मी ते वाक्य बोलले. "हात मोडला असता तर आजच्या आज दिला असता लेखनिक. जा बाई आता, माझं डोकं खाऊ नको."

मी वैतागून बोलले होते. तू ऐकून घेतलंस आणि काही न बोलता गेलीस. तू काही न बोलता जातेस म्हणजे काहीतरी ठरलं, हे मला कळायला हवं होतं.

परीक्षेच्या थोडं आधी रेहाना माझ्यापुढं उभी राहिली. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर, बोटं तेवढी मोकळी. मागं तू, तुझ्या डॉक्टर मावसभावाचा दाखला घेऊन.

"कशी पडलीस गं?"

"जिन्यावरनं पडलो, बाई."

मी पट्टीच्या टोकानं प्लास्टरवर टकटक केलं. "दुखतं का?"

"न्हाई की," ती म्हणाली. तू जोरात खोकलीस. "दुखतंय, लई दुखतंय," ती घाईनं म्हणाली.

मी मान खाली घालून सही केली, शिक्का मारला. ती गेल्यावर मी तुला म्हणाले, "कुठल्या हाताला घातलंय तेवढं तरी लक्षात ठेवा." आणि आपण दोघी तोंडाला पदर लावून हसलो. म्हणजे मला माहीत होतं. सुचवलं मी, तपासलं मी, सही केली मी. आणि खरं सांगायचं तर तेवढे दिवस मी स्वतःवर खूश होते. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठला तरी नियम मोडला होता आणि तोही एका पोरीसाठी. मला वाटलं, मी तुझ्यासारखी झाले.

मराठीचा पेपर झाला, इतिहासाचा झाला. नववीतली एक मुलगी लेखनिक होती, रेहाना सांगायची आणि ती लिहायची. तू रोज केंद्राच्या फाटकाबाहेर उभी असायचीस. मग भूमितीचा पेपर आला. वर्तुळ काढायचं होतं आणि बाहेरच्या बिंदूतून त्याला स्पर्शिका. त्या नववीतल्या मुलीचा कंपास सरकला. पुन्हा सरकला. रेहानानं हळू आवाजात दोनदा सांगितलं, असं धर, तसं धर. मग ती "दे हिकडं" म्हणाली आणि प्लास्टर घातलेल्या हातानं कंपास घेतला. एक आकृती काढली. दुसरी काढली. आपण परीक्षेला बसलोय, आपला हात मोडलाय, सगळं विसरली. पर्यवेक्षक मागं येऊन उभा राहिला तरी तिला पत्ता नव्हता. त्यानं आपल्या जबाबात हेही लिहिलं होतं की इतकी सुबक आकृती त्या दिवशी त्यानं दुसरी बघितली नाही.

आपण दाखल्याचा विचार केला, सहीचा केला, लेखनिक कोण बसवायचा याचा केला. भूमिती समोर आली की ही पोर जगाला विसरते, याचा विचार ना तू केलास ना मी. तिला अक्षर जमत नव्हतं, रेघ जमत होती, आणि आपण हात बांधला तो रेघेचा. तिला तुझ्याइतकं दुसरं कुणी ओळखत नव्हतं, तरी ही चूक झाली.

शिपाई सायकलवरून मला बोलवायला आला. ऑफिसात केंद्रचालक, पर्यवेक्षक, तू आणि भिंतीला टेकून रेहाना. कात्री आणली होती. माझ्यासमोर प्लास्टर कापलं. आतून हात निघाला, धडधाकट, जरा वाळलेला आणि पांढऱ्या भुकटीनं माखलेला. तिनं बोटं उघडमीट करून बघितली आणि तुला म्हणाली, "बाई, तिसरी आकृती ऱ्हायली."

केंद्रचालकांनी मला विचारलं, "मुख्याध्यापिकाबाई, अर्जावर सही तुमची आहे. तुम्हाला याची कल्पना होती का?"

विचार करायला वेळ मिळाला नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. वेळ मिळाला होता. त्यांनी पाणी दिलं होतं. मी ते सावकाश प्याले, पेला ठेवला आणि मग "नाही" म्हणाले.

तू माझ्याकडं बघितलंस, फार नाही, एखादा क्षण. मग म्हणालीस, "त्यांना काय म्हाईत न्हाई. मी फसवून सही घेतली." तुझा आवाज नेहमीसारखाच मोठा होता. मला वाटलं, त्यात थोडी कीव होती. कदाचित नसेलही.

मी हो म्हणाले असते तर काय झालं असतं? माझी खुर्ची गेली असती, हे नक्की. पण मग तो ड्रॉवरमधला अर्ज मी बाहेर काढू शकले असते. सांगू शकले असते की आधी आम्ही खरं लिहिलं होतं, ते पाठवायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून ही पाळी आली. कुणीतरी विचारलं असतं की या मुलीला नेमकं होतं तरी काय. चौकशी तिच्या गरजेची झाली असती. झाली ती लबाडीची. तिचे सगळे विषय रद्द झाले आणि पुढची काही वर्षं परीक्षेला बसायची बंदी आली. संस्थेनं तुला काढून टाकल्याचा ठराव केला आणि त्या ठरावाखाली माझी सही आहे, चांगल्या अक्षरात.

तिचा बाप एकदाच आला. आरडाओरडा केला नाही. दारातूनच म्हणाला, "तुमी शिकल्या-सवरल्या बायका. आमी म्हटलं, ह्यास्नी कळत असंल." एवढंच बोलून गेला. वर्षाच्या आत त्यानं तिचं लग्न इचलकरंजीला लावून दिलं.

तीन महिने मी तुझ्या मंगळवार पेठेतल्या खोलीकडं फिरकले नाही. शेवटी तूच माझ्या दारात आलीस. "चहा टाक," म्हणालीस, "आणि तोंड धू, सुजलंय." तेव्हापासून दर रविवारी तू यायचीस. कुठल्याही शाळेनं तुला घेतलं नाही, तू खोलीवर शिकवण्या घ्यायचीस, आणि रविवारी माझ्याकडं पोहे खात माझ्याशी भांडायचीस. आपलं भांडण ठरलेलं. मी म्हणायचे, खोट्याच्या वाटेनं जायलाच नको होतं. तू म्हणायचीस, खरा अर्ज लिहिला हुता की, तुझ्या ड्रॉवरात हाय. मी म्हणायचे, नियम असतात. तू म्हणायचीस, नियम लिवणाऱ्यानं रेहाना बघितली न्हवती. किती वर्षं हेच चाललं. मी तुझ्यासमोर बसून तुला खरं-खोटं शिकवत होते, विमल, आणि तू मला शिकवू देत होतीस. "तू त्या ऑफिसात काय बोललीस गं?" एवढं एकदा विचारलं असतंस तर मी पायावर पडले असते. तू विचारलं नाहीस. मी समजत होते, तू मला माफ केलंस.

दोन-अडीच वर्षांपूर्वी तू कुठलंसं मासिक घेऊन आलीस आणि माझ्या पुढ्यात आपटलंस. "वाच. रेहानाला जे हुतं त्याला नाव हाय, शाले. परदेशात अशा पोरांना निराळा तास असतो, परीक्षेला जादा वेळ देत्यात. हुशार पोरांतबी असतंय म्हणे." मला वाटलं, तुला आनंद झाला असेल. तू संतापली होतीस. "मी हितं मोहरी चिकटवत बसलो आणि तिकडं ह्याची पुस्तकं निघाली हुती. मला कुणी सांगितलं का न्हाई?" त्या दिवशी तू पोहे तसेच टाकून गेलीस. तुला रडताना मी कधी बघितलं नाही, पण त्या दिवशी जिन्याच्या पायथ्याशी तू बराच वेळ उभी होतीस, हे मला खिडकीतून दिसत होतं. मी खाली आले नाही.

आता परवाचं. मी तुझी पुस्तकं आवरायला खोलीवर गेले होते. तुझी वहिनी भांडी बांधत होती. दारात एक बाई येऊन उभी राहिली, तिशी उलटलेली, पदराला सुताचे धागे चिकटलेले. तिनं मला आधी ओळखलं. "मोठ्या बाई, मी रेहाना." इचलकरंजीला यंत्रमागाच्या शेडमध्ये ती कांड्या भरते, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळते. चहाच्या टपरीवर पेपरात तुझा फोटो दिसला म्हणून पेपर मागून आणला होता. "फोटो वळखला," म्हणाली. "खाली काय लिव्हलंय ते वाचाय मला लई वेळ लागतोय. तेवढं वाचून दाखवता?"

ते निवेदन मी लिहिलं होतं. मी ते तिला वाचून दाखवलं. शिस्तप्रिय आणि मनमिळाऊ शिक्षिका, काही काळ आमच्या शाळेत अध्यापन, त्यांच्या निधनानं शिक्षणक्षेत्राची हानी.

"मनमिळाऊ?" रेहाना म्हणाली. "ह्ये कुणी लिव्हलं? त्यास्नी बाई म्हाईत न्हवत्या जणू." मग फोटोखालच्या ओळींवर बोट ठेवून म्हणाली, "आणि ह्यात आमचं काहीच न्हाई की."

मी पेपराची घडी घातली.

मग ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. शेडची सुट्टी मधल्या वारी असते, त्या दिवशी तू दर महिन्याला एसटीनं इचलकरंजीला जात होतीस, तिच्या घरी बसून तिचं वाचन पुढं नेत होतीस, लग्न झाल्यापासून आजारी पडेपर्यंत. मला कधी बोलली नाहीस. "आता दुकानांच्या पाट्या चालता चालता वाचतो," ती म्हणाली. "एसटीची पाटी माझी मी वाचून आलो." शेडच्या मालकाकडं नवं डिझाईन आलं की तो हिला बोलावतो. किती धागे लागतील, कसे लावायचे, ते ही उभ्या उभ्या सांगते. मग परत जाऊन कांड्या भरायला बसते. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती, त्याचंच मला जास्त लागलं.

"मी त्यो कंपास उचलला नसता तर बाईंची नोकरी गेली नसती," ती म्हणाली. "दर खेपेला मी हेच बोलायचो. त्या म्हणायच्या, तुझी चूक न्हाई. मग कुणाची, म्हणून इचारलं की पुस्तक उघडायच्या आणि म्हणायच्या, वाच." मग ती उठली आणि माझ्या पाया पडली. "आणि तुमालाबी आमी फसवलं, मोठ्या बाई. तुमची सही बदनाम झाली. मला माफ करा. लई वर्सं मनात हुतं."

मी काय केलं असेल? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे," म्हणाले. तिनं डोळे पुसले, तुझ्या फोटोला नमस्कार केला आणि एसटी चुकेल म्हणून घाईनं गेली. तुझी वहिनी म्हणाली, "गुणाची हाय पोरगी."

विमल, त्या घडीपासून मला तुझा राग आलाय. माझा तर आहेच, तो कुठं जात नाही. पण तुझाही आहे. तू मला पाठीशी घातलंस, त्याचा भार कुणावर पडला? इतकी वर्षं ती पोर समजत राहिली की एका कंपासापायी तिनं तुझं आयुष्य मोडलं. तुला एक वाक्य बोलायचं होतं. "शालीला ठाऊक होतं, तिनंच सुचवलं होतं, आणि ऐन वेळी ती फिरली." तिचं अर्धं ओझं उतरलं असतं. तू पुस्तक उघडलंस. मैत्रिणीला सांभाळलंस आणि विद्यार्थिनीला तसंच ठेवलंस. तुझा हा मोठेपणा मला मान्य नाही. भांड आता माझ्याशी. कधी नव्हे ते माझं म्हणणं बरोबर आहे आणि तू ऐकायला नाहीस.

आणि तरी मला माहीत आहे, तू का गप्प राहिलीस. तू वाट बघत होतीस. दर रविवारी पोहे खात माझ्या तोंडाकडं बघत होतीस, आज बोलेल, पुढच्या रविवारी बोलेल. ते माझं मी बोलायचं होतं, तू माझ्या वतीनं बोलणं तुला पटलं नसतं. दवाखान्यात मी घसा खाकरला तेव्हा तुला कळलं असणार की आता ही मरणाऱ्या माणसाला सांगून मोकळी होणार, म्हणजे पुन्हा स्वस्तात सुटणार. म्हणून तू मला थांबवलंस. तुला ते ऐकायची गरज नव्हती. तुला ते आधीपासून माहीत होतं.

ही पानं लिहायला बसले तेव्हा मनात होतं, पेपरात ते निवेदन आलं तिथंच हे छापायला द्यावं. सगळ्या गावाला कळू दे. लिहिता लिहिता हलकं वाटायला लागलं, आणि मग एकदम ध्यानात आलं की मी पुन्हा तेच करतेय. माझं अक्षर चांगलं आहे, मी सुरेख लिहीन, लोक म्हणतील, केवढं मन बाईंचं. आणि जिला हे कळायला हवं, तिच्या हाती हा कागद पडला तर ती फोटो बघेल आणि वाचून दाखवायला कुणाला तरी शोधेल. माझी कबुली तिला परक्याच्या तोंडून ऐकावी लागेल.

म्हणून उद्या सकाळी मी इचलकरंजीला जाते. घराचा पत्ता मी तिला विचारला नाही, शेड कुठं आहे तेवढं ती जाताना तुझ्या वहिनीला सांगून गेली. म्हणजे जे काही बोलायचं ते तिथंच, चालू मागांमध्ये, तिच्याबरोबरच्या बायकांसमोर. मागाच्या खटखटाटात शेजारच्याचं बोलणं कानावर येत नाही म्हणतात. मी जन्मभर खालच्या आवाजात बोलत आले. उद्या मला ओरडून सांगावं लागेल.